वाढलेला दात कापण्याआधी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाळीव उंदरांच्या दातांविषयी एक सल्ला हमखास ऐकू येतो: कुरतडायला लाकडाचा तुकडा द्या आणि तरीही दात लांबले तर कापून घ्या. हा सल्ला अर्धवट आहे, आणि त्यावर विसंबून आम्ही एक मादी गमावली, म्हणून हा पत्रप्रपंच.

उंदराला एकूण 16 दात असतात. त्यांपैकी पटाशीचे 4 जन्मभर वाढतात आणि एकमेकांवर घासून आपोआप झिजतात; सशाच्या दाढा जन्मभर वाढतात, उंदराच्या उरलेल्या 12 दाढा मात्र तशा वाढत नाहीत. त्यामुळे आजवर नीट खाणाऱ्या प्रौढ उंदराचा एखादाच दात तिरपा वाढू लागला, तर कुरतडणे कमी पडले असे समजण्यापेक्षा दाताला कशाने ढकलले हे शोधायला हवे. मुळाशी पू साचलेला असू शकतो, जुना मार असू शकतो किंवा जबड्यात गाठ असू शकते.

आमच्या मादीचा खालचा दात तीनदा कापला गेला. दर वेळी दोन दिवस ती बरी खाई. मग पुन्हा दाणा दोन्ही पंजांत धरून तोंडाशी नेई, फिरवून पाही आणि खाली टाकी. हनुवटीखालची लव सतत लाळेने भिजलेली असे. नाकाभोवतीचा तांबडा स्राव रक्त समजून आम्ही घाबरलो होतो. ते डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारे पॉर्फिरिन नावाचे तांबडे रंगद्रव्य होते, जे उंदराला त्रास होत असला की जास्त दिसते. अखेर दुसऱ्या पशुवैद्यांनी भूल देऊन तोंड आतून तपासले व एक्स-रे काढला. (उंदराला उलटी होत नाही, त्यामुळे भुलीआधी त्याला उपाशी ठेवण्याची गरज नसते, हेही तेव्हाच कळले.) दातामागच्या हिरडीत गाठ होती आणि तिने जबड्याचे हाड पोखरले होते. तुकडा तपासल्यावर स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे तोंडाच्या अस्तराचा कर्करोग, निघाला. शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती.

कानाच्या बुडाशी येणाऱ्या सुजेचेही असेच होते. तिथल्या झिंबल ग्रंथीचा ट्यूमर पुष्कळदा गळू समजून फोडला जातो आणि प्रतिजैविकांत आठवडे जातात.

दात कापणे टाळता येत नसेल तेव्हाही नेलकटर वापरू नये. त्याने दाताला उभी चीर जाते, आतला गर उघडा पडतो आणि मुळाशी नवे गळू होते. दात बारीक बर यंत्रानेच (दात घासणाऱ्या फिरत्या टोकाच्या यंत्राने) घासून कमी करावा. जेमतेम दोन-तीन वर्षे जगणाऱ्या या प्राण्याच्या आयुष्यात महिनाभराचा उशीर फार मोठा असतो. आता आम्ही उरलेल्या दोघींना दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलतो आणि वजन वहीत लिहितो, कारण पहिलीचे वजन घटल्याचे आम्हाला ती हातात हलकी लागली तेव्हाच समजले होते.

आपला,
एक वाचक