किती बाय किती, एवढं तरी छापा

संपादक महोदय, स.न.वि.वि.

आजकाल नागपुरातले अर्धे पोट्टे डेटा सायन्सच्या मागे लागलेत, चांगलंच आहे, पण क्लासच्या ज्या नोट्स त्यांच्या हातात पडतात त्यात एसव्हीडी म्हणजे सिंग्युलर व्हॅल्यू डिकंपोझिशनचं (एक मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचा तक्ता, तीन मॅट्रिक्सच्या गुणाकारात मोडायची रीत) सूत्र नुसतं 'ए बरोबर यू सिग्मा व्ही ट्रान्सपोज' (ट्रान्सपोज म्हणजे ओळींचे कॉलम करणं) असं असतं, कुठला मॅट्रिक्स किती बाय किती याचा पत्ताच नाही.

आपल्या नागपूरचं तापमानच घ्या ना, वर्षभर दर तासाला नोंदलं तर 365 ओळी अन् 24 कॉलम. फुल एसव्हीडीत यू होतो 365 बाय 365, सिग्मा 365 बाय 24 आणि व्ही 24 बाय 24. सिग्मा चौरस नाही हेच पोरांना पटत नाही, डायगोनल (फक्त कर्णावर आकडे, बाकी शून्य) म्हटलं की चौरसच असणार असं डोक्यात बसलेलं. (इटालियन गणिती बेल्ट्रामीनं 1873 मध्ये हे मांडलं तेव्हा चौरसच मॅट्रिक्स घेतला होता, आमच्या नोट्स अजून तिथंच आहेत बहुतेक.) सिग्माच्या खालच्या 341 ओळी शून्य, म्हणून यूचे शेवटचे 341 कॉलम फुकटच. ते काढले की यू 365 बाय 24, सिग्मा 24 बाय 24, अन् गुणाकार तोच येतो. फक्त आता यू ट्रान्सपोज गुणिले यू आयडेंटिटी (कर्णावर 1, बाकी शून्य) येते, उलट गुणलं तर येत नाही, आणि नोट्समध्ये या छोट्या यूलाही बिनधास्त ऑर्थोगोनल (दोन्हीकडून गुणलं तरी आयडेंटिटी देणारा चौरस मॅट्रिक्स) म्हणून टाकतात!

10000 ओळी अन् 50 कॉलम असले तर फुल यू एकटाच 800 एमबी खातो, छोटा 4 एमबीत बसतो. पायथनची नमपाय लायब्ररी, वेगळं सांगितलं नाही तर, फुलच देते, मग लॅपटॉप हँग होतो अन् पोरगं बापाकडे नवीन लॅपटॉप मागतं.

खरी गंमत व्हीची आहे. मॅटलॅब हे गणिताचं सॉफ्टवेअर व्ही देतं, नमपाय आधीच ट्रान्सपोज केलेला देते. मॅटलॅबच्या जुन्या नोट्स बघून पोरं नमपायमध्ये परत ट्रान्सपोज करतात, आणि व्ही चौरस असल्यानं कॉम्प्युटर गुमान गुणून देतो, एरर वगैरे काही नाही, उत्तर तेवढं चुकीचं. इथं साइज बघूनही भागत नाही, तिन्ही गुणून मूळ ए परत येतो का ते बघावंच लागतं.

आपल्या शिक्षणाच्या पानावर एआयचे लेख येतात, त्यात सूत्राखाली साइजची एक ओळ टाकाल का? क्लासवालेही पेपर वाचतात.

– शिकवणी घेणारा एक वाचक, धरमपेठ, नागपूर