फी माफ केलीत, खाटेचं काय? उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
उच्च व तंत्रशिक्षण, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि ओबीसी मुलींची शिक्षण व परीक्षा फी माफ झाली. उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. त्याबद्दल मनापासून आभार. ‘मोफत शिक्षण’ ऐकून परभणी-नंदुरबारच्या आईबापांनी लेकींना मुंबईला धाडलं. इथे उतरल्यावर कळतं की मोफत आहे ती फी, राहायचं ज्याचं त्याने बघायचं.

कलिना-अंधेरी पट्ट्यात तिघींच्या खोलीतली एक खाट धरा दहा हजारांची. सामान आत जाण्याआधी चालू महिन्याचं भाडं, दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि दलालाचं एक महिन्याचं भाडं, म्हणजे चाळीस हजार मोजायचे. वीज सबमीटरने वेगळी. त्यात सहा महिन्यांचा लॉक-इन, म्हणजे त्याआधी खोली सोडायची नाही अशी अट असली आणि कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) पुढच्या फेरीत वरचं कॉलेज मिळालं, तर डिपॉझिटवर पाणी. नाही मिळालं, तरी सोडताना ‘रंगकाम’ म्हणून त्यातून कापतातच. शिवाय फेऱ्या लांबतात तशा बऱ्या खाटा भरत जातात, आणि शेवटच्या फेरीतल्या पोरीच्या वाट्याला पोटमाळा येतो.

यावर सरकारी उतारा म्हणजे स्वाधार, वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना राहण्या-जेवण्याचे पैसे देणारी योजना. ते खातं सामाजिक न्यायचं, असं तुम्ही म्हणाल. घरमालक भाडं मागताना खातं विचारत नाही, साहेब. मुंबईसाठी स्वाधारचे वर्षाला ६० हजार: भोजन ३२, निवास २०, निर्वाह ८. निवासाचे वीस हजार दहा महिन्यांत वाटले की महिना दोन हजार. योजना २०१६-१७ ची, सात वर्षांनीही आकडा तोच. ओबीसींसाठी तशीच आधार योजना डिसेंबर २०२३ मध्ये आली, तिनेही तेच ६० हजार उतरवून घेतले. सात वर्षांत मुंबईत भाडं वाढलंच नाही म्हणायचं!

हे पैसे तरी हातात कधी येतात? आधी सरकारी वसतिगृहाला अर्ज करायचा, यादीत नाव आलं नाही की मग स्वाधारचा. त्यासोबत भाडेकरार जोडायचा, आणि घोडं अडतं ते तिथे. करार नोंदवला की भाडं आयकराच्या नजरेत येतं, सोसायटीला पीजी चालतो ते कळतं, म्हणून मालक कागदच करत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५ वाचा: करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ती जबाबदारी मालकाची, नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. किती मालक आत गेले, कधी मोजलंत? शिक्षा होते ती मुलीला, अर्जात त्रुटी निघते. आणि मंजूर झालाच, तरी पैसे हप्त्याने, हजेरी तपासून. भाडं मात्र पाच तारखेच्या आत.

सरकारला मुंबईचा भाव कळत नाही असंही नाही. मनोरा आमदार निवास पाडलं तेव्हा आमदारांना घरभाड्यापोटी महिना लाखभर रुपये देताना कोणी दोन हजारांचा हिशेब मांडला नव्हता. २०११ च्या जनगणनेत याच शहरात सुमारे ४.८ लाख घरं रिकामी निघाली. टॉवरला एफएसआय (वाढीव बांधकामाची मुभा) मिळतो, मेट्रोला कारशेड मिळतं, विद्यापीठाच्या कलिन्यासारख्या आवारात चार मजली वसतिगृह म्हटलं की फाईल हलत नाही. जागा नाही असं नका सांगू, मुलांसाठी नाही एवढंच सांगा.

तेव्हा वसतिगृहाची यादी कॅपच्या पहिल्या फेरीबरोबर लावा. निवासाचा भाग भाड्याच्या बाजारभावाला बांधा आणि पहिला हप्ता प्रवेशाच्या आठवड्यात द्या. करार नसेल तिथे भाडं ऑनलाइन भरल्याची बँक नोंद पुरावा म्हणून धरा; मालकाला नोटीस काढायची ती तुमच्या कार्यालयाने काढावी, मुलीने नव्हे. आणि दोन हजारांत खाट देणारा पत्ता खात्याकडे असेलच, तर तो महाडीबीटीवर, शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, टाका, आम्ही उद्याच मुलींना तिकडे पाठवतो.

कळावे,
बाहेरगावच्या विद्यार्थ्यांचे अर्ज भरून देणारे काही मुंबईकर