बंड्यास, नारिताच्या भानगडीबद्दल

प्रिय बंड्या,

पाडव्याला पत्र लिहितो म्हणालो होतो, आता आषाढ लागला. तब्येत बरी, शुगर आटोक्यात. आज मात्र लिहिल्यावाचून राहवेना. काल घरात भर बैठकीत मी "मिरज!" असं ओरडलो आणि एकाच्याही चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही.

नोव्हेंबरात आम्ही जपानला चाललोय. मी, सुमा, सासूबाई, मेहुणा शिरीष आणि त्याची बायको. सगळं नियोजन शिरीषकडे. त्याने एक्सेलची अशी शीट रंगवलीय की जेजुरीचा भंडारा फिका पडावा. माणूस हुशार आहे, उगाच नावं ठेवत नाही. क्योतोचे मेपल खरे लाल होतात ते नोव्हेंबर संपत आल्यावर, म्हणून दिवाळीत जायचं नाही, हे त्यानेच ठरवलं. २३ नोव्हेंबरला तिकडे सार्वजनिक सुट्टी, क्योतोत पाय ठेवायला जागा नसते, म्हणून ते दिवस तोक्योत. रेल्वेचा पास घेत नाही तेही बरोबरच. सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून एकदम ५०,००० वर नेला, आणि तोक्यो-क्योतो एका बाजूचं तिकीट चौदा हजारांच्या आसपास. जाताना उजवीकडची ई सीट घ्यायची, फुजी दिसतो, हेसुद्धा शीटमध्ये आहे. खिडकी सासूबाईंना, त्यांची पर्स मला.

घोळ आहे तो परतीचा. विमान तोक्योजवळच्या नारिता विमानतळावरून, सकाळी साडेअकराला. ओसाकाकडच्या कानसाई विमानतळावरून परत निघालो असतो तर क्योतोहून 'हारुका' नावाची गाडी सव्वा-दीड तासात थेट विमानतळावर सोडते. पण नारिताचं तिकीट स्वस्त पडलं आणि काढूनही झालं. आता शिरीषचा बेत ऐक. शेवटची रात्र क्योतोतच काढायची, सहानंतरची पहिली 'नोझोमी' ही बुलेट ट्रेन धरायची, सव्वादोन तासांत तोक्यो, तिथे गाडी बदलून आणखी तासभर, की दहाच्या सुमाराला नारिता. कागदावर बसतं सगळं.

मी म्हटलं, आदल्या संध्याकाळीच नारिताला जाऊन झोपू. सगळे हसले. "भावोजी, त्या गाडीचा वर्षाचा सरासरी उशीर एक-दोन मिनिटांचा आहे!" अरे, मला धास्ती त्याचीच आहे! आपल्याकडे गाडी उशिरा सुटते म्हणून तर तुझ्यासारखे लोक आयुष्यात कुठेतरी पोचले. ती बया क्योतोला दोनेक मिनिटं थांबणार, दारं लावणार आणि चालू पडणार. तेवढ्यात पाच माणसं, पाच बॅगा आणि सासूबाईंचा गुडघा. लांबी-रुंदी-उंची मिळून बॅग १६० सेंटीमीटरच्या वर गेली तर तिच्यासाठी जागा असलेली सीट आधी राखून ठेवावी लागते, आणि सुमाची निळी बॅग तू उचललेली आहेस. तिकडे बॅगा कुरिअरने विमानतळावर पाठवतात, पण दोनेक दिवस आधी द्याव्या लागतात. सुमा विचारते, मग शेवटच्या दिवसाची खरेदी काय डोक्यावर घेऊ? तोक्यो स्टेशनात नोझोमी उतरवते वर, आणि नारिता एक्स्प्रेस सुटते जमिनीखाली पाच मजले. शिरीषने या बदलाला शीटमध्ये हिरवा रंग दिलाय. हिरवा!

मिरजेला आपली गाडी चुकली तेव्हाही ती वेळेवरच होती, बंड्या. "निवांत थांबते रे" हे वाक्य तुझं. दुसरी प्लेट भजी मी मागवली असं तू स्वतःच्या लग्नाच्या पंगतीत सांगत फिरलास. ती प्लेट तुझी होती, कोर्टात सांगेन. शेवटच्या डब्यातल्या गार्डने आपल्याला हात केला आणि तूही त्याला हात केलास, हे मी अजून विसरलेलो नाही. कांद्याच्या पोत्यांवर बसून बेळगाव गाठलं, मामा दारात उभे. पुढचं लिहीत नाही.

सासूबाईंना मिरजेच्या फलाटावर बसवून ठेवता येतं, चहा तरी मिळतो. नारिताला पाच परतीची तिकिटं ऐन वेळी काढायची म्हणजे माझा फंड मोडायचा.

तर काल सगळे झोपल्यावर मी नारिताला तीन खोल्या घेऊन टाकल्या. रद्द केल्या तर पैसे परत मिळतात. सुमाला ठाऊक नाही. क्योतोहून निघायची तिकिटं महिनाभर आधी मिळायला लागतात, तोवर तिला वळवायचं आहे. तुझं ती ऐकते, का ते देवाला ठाऊक. एक फोन कर, सहज केल्यासारखा, आणि विषय तुझ्या तोंडून निघू दे.

तुझी बदली रद्द झाली का? चिनूची ॲडमिशन कुठे घेतलीत? वहिनींच्या हाताचं प्लास्टर निघालं असेल. काकूंना नमस्कार.

फोन दुपारी चारनंतर कर. शिरीष तेव्हा क्लासवर असतो.

तुझा,
दिल्या