तुझ्या एका आर्मचं देणं

नारिंगी बॉडीवाल्या मित्रा,

नाव विचारायचं राहूनच गेलं बघ. तास-दीड तास आपण मैदानाच्या कडेला उकिडवे बसलो होतो, मधे तुझी रिमोटवर चालणारी छोटी गाडी उताणी पडलेली, आणि मी साधं नाव विचारलं नाही तुझं, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहावं लागतंय. खूण सांगतो, म्हणजे वाचशील तर कळेल तुला. नारिंगी बग्गी, मागचा पंख अर्धा तुटलेला, त्याला काळी चिकटपट्टी, आणि तू मला पहिल्याच वाक्यात काका म्हणालास. पन्नाशी आली तरी मला कुणी काका म्हटलं की एरवी डोकं फिरतं. त्या दिवशी नाही फिरलं.

तुला आधीचं काहीच माहीत नाहीये. म्हणजे मी तुझ्यापर्यंत आलो तेव्हा चार महिने नुसता फिरत होतो की पहिली फोर व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणारी, रिमोटची बग्गी कुठली घ्यावी. बॅटरीवरची, साधी, रविवारी चालवायला. बस एवढाच प्रश्न. त्याच्याही आधी एक घेऊन बसलो होतो, डब्यावर मोठ्या अक्षरात फोर व्हील ड्राइव्ह लिहिलेली, आणि होती पण हो फोर व्हील ड्राइव्ह, खोटं कशाला बोलू. पण तिचं स्टिअरिंग म्हणजे एकतर पूर्ण डावीकडे नाहीतर पूर्ण उजवीकडे, मधलं काही नाहीच. वेगाचंही तेच, थांबलेली किंवा सुसाट. तिसऱ्या दिवशी आतल्या गिअरचा दात गेला. ज्याच्याकडून घेतली त्याला म्हटलं एवढा एक गिअर मिळेल का, तर तो असा हसला जसं मी काडेपेटीतली जळलेली काडी बदलून मागतोय. म्हणाला याचं सुटं काही येत नाही साहेब, नवीनच घ्या. उघडून बघितली तर रिसीव्हर आणि वेग सांभाळणारं सर्किट सगळं एकाच पट्टीवर चिकटवलेलं, एक गेलं की सगळंच गेलं. तेव्हा कळलं की खेळणं वेगळं आणि आरसीवाले, म्हणजे रिमोटच्या गाड्यांचे हौशी, ज्याला हॉबी ग्रेड म्हणतात, सुटे भाग मिळणारं, ते वेगळं, पण हे आधी सांगायला काय जात होतं कुणाचं.

मग जाणकारांना विचारत सुटलो. तिथे तर अजून मजा. एक म्हणाला 1/8, म्हणजे खऱ्या गाडीच्या आठव्या हिश्श्याएवढी, त्याच्या खाली बघूच नका, ब्रशलेस म्हणजे जोरदार मोटर घ्या, 4एस म्हणजे चार सेलची बॅटरी टाका, मग बघा. अहो काय बघू? मला ब्रेक कुठून लागतो ते माहीत नाही आणि तुम्ही मला रॉकेट देताय. दुसरा म्हणाला सुट्या भागांचं किट आणा आणि स्वतः जोडा, आयती घेणारे ते काय हौशी. तिसऱ्याने मोटरचा जोर चाकांपर्यंत पट्ट्याने नेणारी बेल्ट ड्राइव्ह चांगली का दांड्याने नेणारी शाफ्ट ड्राइव्ह यावर अर्धा तास घेतला, त्यातला बराचसा वेळ तो स्वतःशीच भांडत होता. आणि एक महाशय होते त्यांनी फक्त एवढंच सांगितलं की हे आधी हजार वेळा विचारून झालंय, जरा शोधायचे कष्ट घ्या. हो ना. शोधले की कष्ट घेऊन, त्यातूनच तुमच्यापर्यंत आलो होतो. घरून तर काय, "आता या वयात?" एवढ्या तीन शब्दांत निकाल.

तू काय केलंस? तू उलटा प्रश्न विचारलास. "चालवणार कुठे काका?"

चार महिन्यांत हे कुणीही विचारलं नव्हतं, एकाने पण नाही. मी म्हटलं हेच, हे मैदान, बाजूचा डांबरी रस्ता, कधीतरी ती कोपऱ्यातली खडी. तू गवताकडे बोट दाखवून म्हणालास तिकडे जाणार असाल तर बग्गी नको, पोट टेकतं तिचं, मोठ्या चाकांचा ट्रक घ्या. मातीत आणि डांबरावर असेल तर बग्गीसारखं सुख नाही. मग विचारलंस रेस लावायची आहे का. नाही म्हटलं. "मग टेन्शनच नाही," म्हणालास, आणि गळ्यातला रिमोट काढून माझ्या हातात दिलास.

इथे मला जरा थांबू दे. कारण पत्र खरं तर एवढ्यासाठीच लिहितोय, बाकीचं सगळं आपलं ओघात आलं.

तुझी स्वतःची गाडी. तुला मी कोण, कुठला, काही माहीत नाही. तू फक्त रिमोटवरची एक सेटिंग फिरवून वेग अर्ध्यावर आणलास आणि म्हणालास, फिरवा. मी म्हटलं अरे आपटेल. तर म्हणालास, आपटू दे की. आणि सरळ दोन पावलं मागे जाऊन उभा राहिलास, हात खिशात घालून. शेजारी उभं राहून "हळू, हळू, डावीकडे" असं पण नाही केलंस.

पहिली दोन चक्करं म्हणजे माझी नुसती तारांबळ उडाली. गाडी पुढे जाते तोवर ठीक, ती वळून आपल्याकडे यायला लागली की डावं उजवं उलटं होतं हे वाचलं होतं पण बोटांना कुठे वाचता येतं. तिसऱ्या चक्करला तू लांबून ओरडलास, एकदम दाबा! दाबलं. मातीवर गाडी जराशी हलली आणि सरळ निघाली, शेपूट फिरलं नाही. नुसती मागची चाकं फिरणारी असती तर या भुसभुशीत मातीत गरकन फिरली असती म्हणालास, नवशिक्याला फोर व्हील ड्राइव्ह बरी पडते ती यासाठी, चारही चाकं ओढतात त्यामुळे माफ करते ती चुका. फक्त पुढे पण डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना जोर वाटून देणारे गिअर, पुढे पण ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे साफ करायला आणि तुटायला चार गोष्टी जास्त. हे पण तू लपवलं नाहीस.

आणि मग मी ती खांबावर घातली.

आवाज अजून कानात आहे, कट्ट असा, सुपारी फुटल्यासारखा. उजवं पुढचं चाक आडवं लोंबकळत होतं. माझी अशी अवस्था झाली की जमीन दुभंगली तर बरं. माझ्या डोक्यात पैसे, सॉरी, पैसे, सॉरी एवढंच चाललं होतं. तू चालत आलास, धावत नाही, गाडी उचललीस, बघितलंस आणि म्हणालास, "आर्म गेला फक्त. बरं झालं, आता हे पण दाखवून होईल."

बरं झालं! माझ्याकडून तुझी गाडी मोडली आणि तू म्हणतोस बरं झालं.

आर्म म्हणजे चाक गाडीला धरून ठेवणारा दांडा, हे तेव्हा कळलं. डबा काढलास, त्यातून नवा आर्म काढलास, मी आपला बघत बसणार तेवढ्यात तो हेक्स ड्रायव्हर, सहा कोनी टोकाचा स्क्रू ड्रायव्हर, माझ्या हातात ठेवलास. "तुम्हीच लावा." मी म्हटलं अरे मला नाही येत. "म्हणून तर." एवढंच. माझे हात थरथरत होते, तुला दिसत असणार. ती पिनेच्या टोकाची नखाएवढी क्लिप माझ्या हातून उडून मातीत पडली तेव्हा तू एक शब्द न बोलता बोटांनी माती चाळायला लागलास, तांदूळ निवडावे तशी, आणि सापडल्यावर परत माझ्याच हातात दिलीस. स्वतः नाही लावलीस. दोन मिनिटांचं काम होतं तुझं, माझ्या हातून वीस मिनिटं लागली, तू बसून राहिलास. चाक बसलं, फिरवून बघितलं, आणि खरं सांगतो मला शाळेत बक्षीस मिळालं होतं तेव्हा एवढा आनंद झाला नव्हता. मधेच तू म्हणालास हा प्लॅस्टिकचा आर्म मोडतो म्हणून आतला गिअरबॉक्स वाचतो काका, स्वस्तातलं मोडून महागातलं वाचवायचं. मी पाकीट काढलं तर, "राहू द्या हो, मोडायलाच असतात ते."

मी घरी जाताना हाच विचार करत होतो की ज्याला एखादी गोष्ट येते तो सहसा दुसऱ्याला हात लावू देत नाही. कॉम्प्युटरचं काही विचारा, माउस आपल्या हातातून काढून घेतात, टकटक करतात, झालं म्हणतात, आणि आपण होतो तिथेच. मी पण असाच आहे. मुलाला सायकलची चेन बसवायला किती वेळा शिकवली आणि किती वेळा "सर बाजूला, मी करतो" म्हटलं याचा हिशोब लावला तर दुसरा आकडाच मोठा निघेल. आणि आरसीवाल्यांच्यात तर हे फारच दिसलं मला, प्रत्येकाला त्याची गाडी किती पळते ते सांगायचंय, समोरच्याला चालवता येतंय का याच्याशी घेणंदेणं नाही. तुझ्याएवढ्या वयात मला एवढा धीर नव्हता. आत्ता पण नाही.

बाकी तू जे सांगितलंस ते सगळं ऐकलं बरं का. "आधी आर्म मिळतो का बघा, मग गाडी बघा," हे तर मी तीन जणांना सांगितलंय, माझं म्हणून, माफ कर. शेवटी तुझीच गाडी घेतली, तेच मॉडेल, 1/10, शाफ्टवाली, म्हणजे आतलं सगळं झाकलेलं, बेल्टमध्ये खडे जायची भानगड नाही. मोटर साधी ब्रशची, 540 मापाची. त्या रॉकेटवाल्या गृहस्थांना कळलं तर नाक मुरडतील, मुरडू देत, मला या वेगातच घाम फुटतो. पुढे ब्रशलेस टाकायची झाली तर ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट, तो पण बदलावा लागेल, ब्रशवाल्यावर ती चालत नाही, हे तू आधीच बोलला होतास म्हणून ऐनवेळी फसणार नाही. बॅटरी 2एस लायपो, म्हणजे दोन सेलची लिथियमवाली, आणि चार्जर बॅलन्स करणारा, दोन्ही सेल सारखे भरणारा. एका सेलला 4.2 व्होल्ट म्हणजे भरली, 3 च्या खाली जाऊ द्यायची नाही, आठवडाभर चालवणार नसलो तर 3.8 वर आणून ठेवायची, चार्जिंगला लावून झोपायला जायचं नाही. पाठ आहे बघ. ईएससी लायपोच्या सेटिंगवर आहे का ते पण बघितलं, आधीच निकेलवाल्या बॅटरीच्या सेटिंगवर होतं, तू म्हणाला नसतास तर पहिल्याच दिवशी बॅटरी मारली असती. रिमोट आधी चालू, गाडी नंतर, आणि बंद करताना उलटं, हे घरातल्यांना पण पाठ झालंय माझ्या बडबडीने.

एक गोष्ट मात्र तुझी ऐकायला जड गेली. मी तुला सांगितलं होतं ना, 1985 मध्ये टामिया या जपानी कंपनीची हॉटशॉट आली, त्यांची पहिली फोर व्हील ड्राइव्ह बग्गी, लाल रंगाची, तिचं एका मासिकातलं चित्र मी कापून वहीत ठेवलं होतं आणि ते बघून बघून कडा फाटल्या होत्या. मला वाटलं तुला काय माहीत असणार, तुझा जन्म पण नव्हता. तर तू म्हणालास ती 2007 मध्ये परत काढली कंपनीने, पण काका, पहिली म्हणून ती नका घेऊ. "कपाटात ठेवाल आणि बघत बसाल. चालवणार नाही तुम्ही, जीव होणार नाही आपटायला." इतका राग आला होता ना तेव्हा. कारण खरं होतं. चार महिने मी बहुतेक तीच शोधत होतो, बाकीच्यांना बग्गी कुठली घेऊ विचारत होतो ते नुसतं वर वर.

असो. निळ्या बॉडीची घेतली. पाच रविवार झाले. वेग आता अर्ध्यावरून थोडा वर नेलाय. मागचा डावा आर्म एकदा गेला, खांब तोच, आणि तो माझा मी बदलला, क्लिप उडू नये म्हणून पिशवीत हात घालून, ही माझी आयडिया, तुला आवडेल. पोरगा शेजारी बसला होता, म्हणाला बाबा मी लावू? जीभ चावली आणि ड्रायव्हर दिला त्याला. पाऊण तास लागला. उलटा लावला पहिल्यांदा. मी हात खिशात घालून बसलो होतो, विचार कर.

तू दिसलाच नाहीस नंतर. परीक्षा असेल, नाहीतर गाव बदललं असेल, काय माहीत. पुढच्या आर्मचं पाकीट आणून ठेवलंय, डावा-उजवा जोडी आहे, फोडलेलं नाही, गाडीच्या डब्यातच असतं. पैसे नको म्हणालास, आर्मला नाही म्हणू नकोस. रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत मी मैदानावर असतो, त्या खांबापासून लांब, निळी बॉडी. पंख अजून शाबूत आहे.

तुझा,
खांबवाला काका