सभागृहाच्या वापराच्या अटी मंजुरीतच हव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या वसाहतीतील सामुदायिक सभागृहावर आणखी एक मजला चढवून मागच्या अंगणातही बांधकाम वाढवण्याचा प्रस्ताव मंजुरीसाठी दाखल झाला आहे. या वास्तूत मुलांचे अभ्यासवर्ग भरतात, ज्येष्ठांना दुपारची हक्काची जागा मिळते आणि ती आता अपुरी पडते, हे मी स्वतः पाहतो. म्हणून विस्ताराला माझा सरसकट विरोध नाही. मात्र नकाशात उंची, सामासिक अंतरे (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) आणि चटईक्षेत्र (सर्व मजल्यांचे मिळून बांधकामाचे क्षेत्र) यांचा चोख हिशेब असला, तरी एका वेळी किती माणसे येतील आणि किती वाजता बाहेर पडतील, याविषयी त्यात एक ओळही नाही.

घरांतील माणसे दिवसभरात विखरून ये-जा करतात, तर सभागृह कार्यक्रम संपताच दहा-पंधरा मिनिटांत रिकामे होते. एक मोटार उभी करायला सुमारे १२.५ चौरस मीटर जागा लागते आणि वळवण्याची वाट धरली तर जवळपास दुप्पट. ज्या अंगणात आज गाड्या लागतात तेच बांधकामात जाणार असल्याने, गाड्या वाढतील तेव्हाच वाहनतळ नाहीसा होईल. गल्लीच्या दोन्ही कडांना गाड्या लागल्यावर अडीच मीटर रुंदीचा अग्निशमन बंब आत कसा येणार, हे कोणीतरी प्रत्यक्ष मोजून दाखवायला हवे.

आवाजाबाबत ध्वनिरोधक भिंतींचे आश्वासन दिले जाते. त्या जरूर बांधाव्यात, पण झोपमोड बहुधा सभागृहाबाहेर होते: फाटकाशी रेंगाळलेल्या गप्पा, मोटारींची दारे, गाड्या सुरू होण्याचे आवाज. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रात्री शयनकक्षातील सलग आवाज ३० डेसिबलपेक्षा अधिक नसावा. साधे संभाषणच मीटरभर अंतरावर ६० डेसिबलच्या आसपास असते. शिवाय २०० चौरस मीटर मोकळी माती झाकली गेली, की ५० मिलिमीटर पावसात तिच्यावर पडणारे १०,००० लिटर पाणी कुठे वळवायचे, हाही प्रश्न आहेच.

व्यवस्थापन समितीतील मंडळी सज्जन आहेत आणि रात्री उशिरा कार्यक्रम होणार नाहीत, असे त्यांनी शेजाऱ्यांना मनापासून सांगितले आहे. परंतु पुढची समिती वेगळी असेल, सभागृह भाड्याने देण्याचा मोह तिला होऊ शकेल आणि तेव्हा तोंडी शब्दाचा आधार घेऊन दाद मागता येणार नाही. त्यामुळे एका वेळची कमाल उपस्थिती, बंद होण्याची वेळ, ध्वनिवर्धकाची मर्यादा आणि वाहनतळाची सोय या अटी मंजुरीच्या आदेशातच लिहिल्या जाव्यात, तसेच वाहनतळाचे काम पूर्ण झाल्याशिवाय वाढीव भागाला वापर परवाना देऊ नये.

हरकती नोंदवण्याची मुदत संपण्यापूर्वी कार्यक्रमाच्या दिवशीची वाहनगणना करून तिचे आकडे सभागृहाच्या फलकावर लावावेत, अशी माझी नियोजन प्राधिकरणाला आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती आहे.

आपला नम्र,
सभागृहाशेजारचा एक रहिवासी