दिवठणीवरचा दिवा आणि आजाऱ्याचे घर

महोदय,

ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात चर्चमधून आजाऱ्यांच्या भेटीसाठी गट निघतात. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातला, 5व्या अध्यायातला दिवठणीवरचा दिवा, म्हणजे सत्कर्मे लोकांना दिसू द्या ही शिकवण, सर्वांना पाठ असते. दान डाव्या हातालाही कळू देऊ नये हा 6व्या अध्यायातला आदेश मात्र फोटो काढताना विसरला जातो. पहिल्या आठवड्यात दहा-पंधरा जण येतात, तिसऱ्यात कोणीच नाही. मधुमेही रुग्णापुढे केळी-चिकूंचा ढीग आणि रात्रभर जागलेल्या सुनेला सगळ्यांचा चहा!

त्यापेक्षा दोघांनीच, आधी फोन करून, 20 मिनिटांसाठी जावे. औषधांवर सल्ला नको. प्रार्थना विचारूनच, थोडक्यात; इतर धर्मीयांच्या घरी तिचा आग्रह अजिबात नको. निघताना काम विचारावे: रक्ततपासणीचा रिपोर्ट आणणे, रात्रीची एक पाळी, पेन्शनसाठी हयातीचा दाखला. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या मुलींना केडगावात आसरा दिला, तेव्हा विणकाम आणि छपाईही शिकवली. विश्वास असा कामातून दिसतो.

गटाने एक वही ठेवून तीत पुढच्या भेटीची तारीख आणि जाणाऱ्याचे नाव तिथल्या तिथे लिहावे. खंड पडतो तो इथेच, कारण प्रत्येकाला वाटते, दुसरा जाईल. हयातीचा दाखला नोव्हेंबरात लागतो. तेव्हा ही वही ईस्टरनंतर बंद करू नये.

– एक वाचक, वसई