रात्रीचं काय खातोस?

चि. सौरभ यास आईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "हो हो" म्हणून ठेवून देतोस, म्हणून लिहायला बसले. तुझा रूममेट ताईजवळ बोलला, तुला ऑफिसच्या जिन्यात चक्कर आली. मला तू सांगितलं नाहीस. असू दे. त्यावर काही बोलायचं नाही असं ठरवलंय.

काल तू पाठवलेल्या कुकरात ताईचं ते इटलीचं सूप केलं. (पहिल्या पगाराचा कुकर. आजी अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते.) तुलाही जमेल. सकाळी निघताना दोन मुठी बरबटी (चवळी) भिजत टाक. रात्री आल्यावर मऊ शिजव, शिजलेलं पाणी फेकू नको. दुसऱ्या भांड्यात तेल, एक कांदा, एक गाजर, चार पाकळ्या लसूण, सगळं बारीक चिरून मंद आचेवर. आपल्या रश्श्यासारखा कांदा लाल नाही करायचा. नुसता गळून गोडसर वास सुटला पाहिजे. इथंच तू घाई करतोस. मग दोन टमाटर, मीठ. टमाटर विरघळले की बरबटी पाण्यासकट ओत. पळीच्या पाठीनं थोडी बरबटी भांड्याच्या कडेला चेंगर, तेवढ्यानं दाटपणा येतो. शेवटी मूठभर मॅकरोनी, आठ-दहा मिनिटं. उरलंच तर सकाळपर्यंत मॅकरोनी सगळं पाणी पिऊन बसते, तेव्हा गरम पाणी घालून सैल कर. पण उरवू नको. एवढंसं तर खाशील ना?

तिखट नाही, मसाला नाही. म्हणून बाबा आधी म्हणाले, "हे तर पेशंटचं जेवण." मग ताईनं सांगितलं, तिकडे याला पास्ता ए फाजोली म्हणतात, गोरगरिबांच्या घरचं खाणं. राजमा अन् टमाटर दोन्ही अमेरिकेतून तिकडे गेले. त्याआधी इटलीचे लोक ही काळ्या डोळ्याची बरबटीच खायचे. बाबा लगेच खूश, "म्हणजे आपल्या धुऱ्यावरचीच!" आता दोन वाट्या खातात, वरून कच्चं जवसाचं तेल सोडून. तिकडे ऑलिव्हचं सोडतात. ताई कपाळाला हात लावते, आजी त्यावर आणखी सांबार (कोथिंबीर) भुरभुरते.

राजमा घेतलास तर रात्रभर भिजव, ते पाणी फेक आणि चांगला उकळून पुरता शिजव. अर्धाकच्चा राजमा उलट्या करवतो. आणि नुसत्या चहा-बिस्किटावर शरीर चालत नसतं, कडधान्य अन् धान्य सोबत पोटात गेलं की प्रथिनं नीट मिळतात, वाढत्या वयात तर... बघ, झाली मी सुरू. अंगणवाडीत बायांसमोर बोलून बोलून सवय लागली. राग मानू नको.

तू चौथीत होतास. वेचणीचे दिवस, मला शेतातून यायला अंधार पडला, तर तू खिचडी टाकून ठेवलेली. मीठ नाही आणि हळद इतकी की पातेलं आठवडाभर पिवळं होतं. बाबा दोनदा वाढून घेऊन जेवले. आजीनं साऱ्या मोहल्ल्यात सांगितलं. दुसऱ्याच्या पोटाची एवढी काळजी करणारं पोरगं, स्वतःच्या पोटाला का विसरतं? काकाही फोनवर असाच हसून "भूक नाही वहिनी" म्हणायचे. ते जाऊ दे, लिहीत नाही.

पुढच्या आठवड्यात यवतमाळहून ट्रॅव्हल्सवाल्याजवळ पिशवी देते. बरबटी, लसूण, जवसाची चटणी. तेलाची बाटली बाबांनी हट्टानं घातली आहे, ती उभी ठेव. गॅसची नळी बदलली का? घरमालकिणीला दोनदा सांगायला लाजू नको.

सूप केलंस की फोटो पाठव. ताईला नको, मला. भांड्याचा नको, खाल्लेल्या ताटाचा. खोटा पाठवलास तर रूममेट सांगेलच.

तुझी,
आई